साहेब, आठवीत अडवण्यापेक्षा सहावीतच पोराचं ऐकून घ्या

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

साहेब नमस्कार. मी तासगाव तालुक्यातला, द्राक्षाच्या औषधांचं छोटं दुकान आहे माझं. शिक्षणातलं याला काय कळतंय म्हणाल, पण संध्याकाळी पुतण्या दुकानात बसतो, आठवीला आहे, त्याच्यापायी लिहायला बसलोय.

मागच्या ऑक्टोबरातली गोष्ट. छाटणी होऊन बागा फुटलेल्या, त्यात चार दिवस पाऊस लागून राहिला, डावणी म्हणजे द्राक्षावरच्या बुरशी रोगाच्या भीतीनं आख्खं गाव पहाटेपासनं बागेत. चिखलात ट्रॅक्टर जाईना म्हणून पाईपनं फवारणी, आणि हा शाळा बुडवून दोन दिवस वडलांमागं पाईप धरायला. त्याच आठवड्यात निबंध होता, पावसाळ्यातील एक दिवस. वही बघितली तर मृद्गंध दरवळला, मोर पिसारा फुलवून नाचू लागले, धरणीमातेने हिरवा शालू नेसला. म्हटलं मोर कुठं बघितलास रे? तर म्हणे गाईडमध्ये तसंच आहे, तसं लिहिलं की मार्क पडतात. पडले पण, दहापैकी आठ. मग म्हटलं पाईप धरलेला दिवस सांग बघू, तर पंधरा मिनिटं थांबेना, कोवळ्या पानावर पाणी कसं साचतं, पाईप वळली की बाप कसा ओरडतो, आई आभाळाकडं बघत नुसती बसलेली. म्हटलं हेच लिही. दोन ओळींत संपलं. बोलता येतंय ते लिहिता येत नाही आणि लिहितोय ते त्याचं नाहीच.

वाचनाचं पण तसंच. औषधाबरोबर माहितीपत्रक येतं ते दिलं, घडाघडा वाचलं, कुठं अडला नाही. विचारलं काढणीच्या किती दिवस आधी हे मारायचं बंद करायचं, तर बघतच राहिला. उत्तर आत्ताच मोठ्यानं वाचलेलं!

व्याकरणाच्या व्याख्या सगळ्या पाठ. रामाने आंबा खाल्ला, कर्मणी प्रयोग, म्हणजे क्रियापद कर्माप्रमाणं बदलतं. आजीनं भाकरी थापली म्हटलं की गडबडला, कारण त्याला राम आणि आंबाच माहिती. आमची आई चुलीपुढनं म्हणाली, "एक थापली, दोन थापल्या, रोट थापला, भाकरीगत माझं थापणं बदलतंय, मी हाय तीच हाय." चौथी शिकलीय ती.

चाचण्या कमी आहेत असं नाही, पायाभूत चाचणी, संकलित एक, संकलित दोन, वर वर्षभर वर्गातच चालणारं आकारिक मूल्यमापन. आकारिकमध्ये तोंडी कामाचे मार्क असतात, पुतण्याला चांगले आहेत, पण वर्गात उभा राहून शेवटचं कधी बोललास विचारलं तर त्याला आठवेना. गुरुजींवर राग नाही माझा, त्यांचा निम्मा जीव ऑनलाईन माहिती भरण्यात जातोय. २०२३ ला तुमच्या खात्यानं पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आणली, नापास झाला तर परत परीक्षा, त्यातही गेला तर त्याच वर्गात. बरं. पण सहावी सातवी ढकलत न्यायची आणि आठवीत गचांडी धरायची, हे मला तरी पटत नाही.

माझं मागणं एकच आहे. जूनमध्ये शाळा भरली की सहावी ते आठवीला पहिले तीन आठवडे नवा धडा काढू नका. पोरानं कधी न बघितलेलं पान त्याला वाचायला द्या, काय कळलं ते त्याच्या भाषेत सांगू दे, बाकीच्यांनी प्रश्न विचारू देत, वाद घालू देत, मग तेच लिहू दे आणि व्याकरण त्याच्याच वाक्यातनं शिकवा. मार्क नकोत. आईबापाला फक्त एवढं कळवा की पोरगं अडतंय ते वाचताना, समजताना का लिहिताना. आणि त्या तीन आठवड्यात गुरुजींच्या मागं दुसरं कुठलंच काम लावू नका, हे तेवढं तुमच्याच हातात आहे.

२०२३ ला पाठ्यपुस्तकात वहीची कोरी पानं घातली आणि २०२५ ला काढून टाकली, मधल्या काळात पोरांनी त्यावर काय लिहिलं ते कुणी उघडून बघितलं का? सहज विचारतोय.

गावं त्यांच्या परीनं करतायत हो. आमच्याच जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, तिथं गावानं ठरवून संध्याकाळी सातला भोंगा वाजवायचा आणि दीड तास टीव्ही मोबाईल बंद ठेवायचे असं २०२२ ला सुरू केलं. पण त्या दीड तासात पोरगं गाईडमधला मोरच उतरवून काढणार असलं तर भोंगा तरी काय करणार.

पुतण्याचा पाईपचा निबंध झाला शेवटी, चार संध्याकाळी लागल्या, दीड पान भरलंय. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सतरा, मोर एकपण नाही. हवा असला तर फोटो पाठवतो.

आपला,
एक दुकानदार, तासगाव तालुका, जि. सांगली