शेपटाकडचं शहर

बुखारा (उझबेकिस्तान), २४ मार्च

ती. आबांना,
सा. न. वि. वि.

परवा तुम्ही फोनवर विचारलंत, "वाळवंटात शहर म्हणतेस, मग त्याला पाणी येतं कुठून?" तेवढ्यात रेंज गेली. पुन्हा फोन लागला तेव्हा आईने ताबा घेतला आणि सगळा वेळ माझ्या वजनावर गेला. आता नवरोजची सुट्टी आहे, हॉस्टेल रिकामं आहे, तेव्हा निवांत लिहिते. वाचून दाखवायला दादाला सांगा, आणि त्याला म्हणावं मधले परिच्छेद गाळू नकोस.

इथे वर्षाला जेमतेम दीडशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही हिवाळ्यात आणि आत्ता वसंतात. त्यावर काही पिकत नाही. शहराबाहेर तासभर कुठल्याही दिशेला गेलं की हिरवं संपतं आणि रेती सुरू होते. मधे हे जे शेतांचं, तुतीच्या झाडांचं, जर्दाळूच्या बागांचं बेट आहे, ते एका नदीच्या जिवावर. जराफशान तिचं नाव. ताजिकिस्तानातल्या डोंगरांत हिमनदीतून निघते, आठशेहून जास्त किलोमीटर चालते, समरकंदला वळसा घालते आणि बुखाऱ्याच्या पलीकडे वाळूत जिरते. फार पूर्वी ती अमू दर्या या मोठ्या नदीला मिळत असे. आता कुणालाच मिळत नाही. आपली पांझरा निदान तापीपर्यंत तरी पोचते.

आणखी एक उलटं आहे. पांझरेला पूर पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात खडखडाट. हिला पाणी जून-जुलैत, कारण वरचा बर्फ ऊन तापलं की वितळतो. ऐन गरजेच्या वेळी नदी भरून येते, हे ऐकून तुम्हाला हेवा वाटेल. पण तुम्ही पाटकरी होतात, पाटाचं पाणी पाळीने सोडणारे, म्हणून तुम्हाला एवढंच सांगितलं तरी पुरे: समरकंद हेडला, म्हणजे पाण्याच्या मुखाकडे आहे आणि बुखारा टेलला, अगदी शेपटाकडे. या शहराचा अडीच हजार वर्षांचा इतिहास म्हणजे टेलच्या शेतकऱ्याचं रडगाणं आहे, असं माझं मत झालंय. इथल्या गाइड लोकांना ते पटणार नाही, ते मिनारांपाशीच अडकलेले असतात.

सुरुवात कशी झाली, ते सांगते. वरच्या अंगाला, ताजिक हद्दीत, सराझ्म नावाचं पाच-साडेपाच हजार वर्षांपूर्वीचं गाव उकरून काढलंय. खाली बुखाऱ्याकडे चारेक हजार वर्षांपूर्वी वस्ती करणारे लोक होते, त्यांच्या खुणा जमानबाबा नावाच्या ठिकाणी सापडल्या. त्यांना कालवे खोदायची गरजच नव्हती. नदी सपाटीला आली की तिला फाटे फुटतात. पूर ओसरला की फाट्याच्या काठच्या ओल्या गाळात बी टाकायचं. पुढे छोट्या फाट्यांवर झुडपं आणि माती टाकून पाणी अडवायला लागले. मग फाटा उपसून सरळ करायला लागले. असं करत करत नदीचे फाटे हेच कालवे झाले. म्हणून बुखाऱ्याचे जुने कालवे सरळ रेषेत नाहीत, वाकडेतिकडे हिंडतात. कुठपर्यंत नदी आणि कुठून माणसाने खणलेलं, ते सांगणं कठीण.

मग अडचण आली ती गाळाची. ती तुम्हाला नवी नाही, पण इथे तिचा आकार वेगळा आहे. हिमनदीचं पाणी दुधाळ येतं, गाळ घेऊनच येतं. तो कालव्याच्या तळाला बसतो, शेतातही बसतो. शेत वर चढत जातं, कालव्याचा तळही वर येतो, आणि एक दिवस नदीचं पाणी कालव्यात चढेनासं होतं. उपाय दोन. दरवर्षी गाळ काढा, किंवा मुख आणखी वर, नदीच्या उगमाकडे न्या. माणसांनी दोन्ही केलं. म्हणून कालवे लांबत गेले, आणि जितके लांबले तितकं जास्त गावांनी मिळून काम करणं भाग पडलं. समरकंदजवळचा दरगोम कालवा इसवी सनाच्या आधीचा आहे आणि तो आजही वाहतो. कालवा कसला, पाहिला तर नदीच वाटते.

त्याच्या मुखाशी वरागसर नावाचं गाव होतं. दहाव्या शतकातल्या अरबी भूगोलकारांनी लिहून ठेवलंय की त्या गावाला शेतसारा माफ होता. बदल्यात बंधाऱ्यांची देखभाल त्यांनी करायची. समरकंद शहरात तर शिशाच्या पत्र्याने मढवलेला पाट खंदकावरून आत नेला होता. तो सांभाळायचे अग्निपूजक पारशी लोक, आणि त्यांनाही जिझिया माफ. राज्य मुसलमानांचं होतं, पण पाट नीट चालायचा असेल तर ज्याला तो चालवता येतो त्याला धरून ठेवावं लागतं, एवढा व्यवहार त्यांना कळत होता.

बंधारे दगडी नव्हते. आपल्याकडच्यासारखा काळा कातळ इथे नदीत नाही, नुसता गाळ आणि गोटे. मग तीन लांब लाकडं टोकाला बांधून तिवई करायची, ती पाण्यात उभी करायची, खाली गोटे भरायचे, झुडपं आणि गवताच्या पेंढ्या कोंबायच्या. त्याला सिपाया म्हणतात. अशा तिवयांची रांग तिरपी नदीत शिरली की प्रवाह कालव्याच्या तोंडाकडे वळतो. मोठा पूर आला की सगळं वाहून जातं. पुन्हा बांधायचं. मला आधी हा अडाणीपणा वाटला होता. पण अतिपाण्याच्या वेळी बंधारा आपोआप फुटून जातो आणि गावं वाचतात, हा त्यातला फायदा इथल्या एका म्हाताऱ्यांनी सांगितला.

ते म्हातारे म्हणजे आमच्या हॉस्टेलच्या मालकीण ओपांचे सासरे. ओपा म्हणजे ताई. सुट्टीच्या आधी त्यांनी मला शाफिरकानकडच्या त्यांच्या गावी नेलं, कारण तिथे हशर होता. गाव मिळून बिनपैशाने काम करतं, तो हशर. काम गाळ काढायचं. हातात केतमोन: लांब दांडा आणि पुढे तव्याएवढं गोल, घडीव लोखंडी पातं. मी उचलून पाहिला, खांद्यापर्यंत नेला आणि खाली ठेवला. माणसं कालव्यात गुडघाभर चिखलात ओळीने उभी होती. खालच्याने गाळ मधल्या पायरीवर फेकायचा, तिथल्याने काठावर. कारण काठ माणसाच्या दुप्पट उंच आहे, आणि तो सगळा पूर्वीच्या पिढ्यांनी उपसलेला गाळच. ज्याची जमीन जास्त, त्याच्या वाट्याला लांबी जास्त. एका माणसाने दोरी टाकून आपला तुकडा अर्धा हात कमी मोजला, तर लगेच गलका झाला. भाषा कळत नव्हती तरी भांडण पूर्ण कळलं मला. दुपारी मोठ्या कढईत पुलाव, आणि मला पाहुणी म्हणून मांसाचे तुकडे वाढून वाढून हैराण केलं. (आईला हे वाचून दाखवू नका.)

शाफिरकानचा कालवा त्याच नावाचा. नर्शखी नावाच्या माणसाने ९४३ च्या सुमारास बुखाऱ्याचा इतिहास लिहिला, त्यात कालव्यांची नावानिशी यादी आहे. त्यात म्हटलंय की इराणचा शापूर नावाचा राजपुत्र बापाशी भांडून इथे आला, त्याला माळरान इनाम मिळालं, आणि त्याने हा कालवा खणला. राजपुत्राची गोष्ट खरी असेल-नसेल, पण त्या पुस्तकात राजवाड्यांच्या बरोबरीने पाटांची नोंद आहे, हे मला आवडलं. आपल्या बखरींत लढायाच लढाया.

त्याच इतिहासात पुढे, मागाहून फारसी भाषांतर करणाऱ्यांनी भर घातलेल्या भागात, पायकंदची हकिगत येते. पायकंद म्हणजे व्यापाऱ्यांचं श्रीमंत गाव, अगदी टेलच्याही टेलला. पाणी पोचेना म्हणून गाव ओस पडत गेलं. बाराव्या शतकात अर्सलान खान नावाच्या राजाने ते पुन्हा वसवायचं ठरवलं आणि त्यासाठी नवा कालवा खणायला घेतला. पण मधे कठीण दगड लागला. तो मऊ व्हावा म्हणून त्यावर तेल आणि व्हिनेगर ओतलं म्हणे! गाडग्यांनी नव्हे, ओझ्यांनी आणून. दोनेक कोस खणलं गेलं, कितीतरी माणसं मेली, पैसा संपला आणि काम सोडून दिलं. आज तिथे मातीचे ढिगारे आहेत आणि वारा.

पश्चिमेला वराख्शा आहे, तेही तसंच. तिथे एकेकाळी बारा पाट होते. राजवाड्याच्या भिंतीवर हत्तीवर बसून वाघांशी लढणाऱ्या माणसांची चित्रं निघाली. चित्रकाराने हत्ती पाहिलेला नसणार. माणसं मोठी आणि हत्ती घोड्याहूनही लहान. पाणी गेलं आणि तेही गाव अकराव्या शतकाच्या सुमारास उठलं. वाळूने आणि भटक्या टोळ्यांनी अख्खं हिरवं बेट गिळू नये म्हणून एके काळी त्याच्याभोवती मातीची भिंत होती, शेकडो किलोमीटरची. तिची डागडुजी दरवर्षी लोकांच्या माथी यायची. इस्माईल सामानी या राजाने ती बंद करून लोकांना मोकळं केलं. भिंत पडली तरी चालली, कालवे पडून चाललं नाही.

आता शहरातलं सांगते, कारण यात माझा अभ्यासही येतो. कालव्याचं पाणी शहरात यायचं आणि गल्लोगल्लीच्या हौदांत साठायचं. दगडी पायऱ्या उतरून माणसं पाणी भरत, तिथेच हातपाय धूत, आणि भिस्ती तेच पाणी घरोघर नेत. तुम्ही ओळखलंच असेल पुढचं. नारू! इथे त्याला रिश्ता म्हणत. पायातून किडा निघायचा आणि न्हावी तो काडीला गुंडाळत गुंडाळत दिवसेंदिवस ओढून काढायचे, तुम्ही गोविंदआप्पांच्या पायाचं सांगता अगदी तसंच. पाण्यातल्या बारीक सायक्लोप्स किड्यातून तो माणसात शिरतो, हे १८७० च्या सुमारास फेदचेन्को या रशियन शास्त्रज्ञाने याच मुलखात फिरताना शोधलं. पुढे १९२० च्या दशकात लिओनिद इसाएव या डॉक्टरांनी इथे मोहीम उघडली, हौद उपसले, बुजवले, नळाचं पाणी आणलं, आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बुखाऱ्यातून रिश्ता गेला. भारताला नारूमुक्त म्हणून प्रमाणपत्र २००० साली मिळालं. आमच्या सरांनी हे वर्गात सांगितलं तेव्हा सगळ्या मुलांनी माझ्याकडे पाहिलं. मीही म्हटलं, आमच्याकडे पायऱ्यांच्या विहिरी कितीतरी जास्त होत्या!

एक मोठा हौद अजून राखलाय, लब-ए-हौज, १६२० सालचा. काठाला जुनी तुतीची झाडं आणि चहाची टेबलं. चहा महाग आहे.

टेलचं रडगाणं म्हणाले ते सर्वांत उघड दिसलं १८६८ साली. रशियनांनी समरकंद घेतलं आणि ते परत दिलं नाही. बुखाऱ्याच्या अमीराला गादीवर तसाच ठेवला. ठेवायला हरकत नव्हती, कारण त्याच्या शेतांचं पाणी आता त्यांच्या मुठीत होतं. त्यानंतर फौज आणायची वेगळी गरज उरली नाही. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की इकडून वर विनवण्या जायच्या. तुमच्या फडात, म्हणजे बंधाऱ्याखाली सगळ्यांनी मिळून भिजवायच्या शेतांच्या पट्ट्यात, पाणी कमी असेल त्या वर्षी आधीच ठरायचं ना, की यंदा एवढेच फड भिजवायचे, आणि तुटवडा सगळ्यांनी वाटून घ्यायचा? एका बंधाऱ्यावरच्या गावांत ते जमतं. शेकडो किलोमीटर लांबीच्या नदीवर, तेही दोन राज्यांत, जमलं नाही. इथेही गावपातळीवर मीराब होता, म्हणजे तुमच्यासारखाच पाटकरी. त्याला सुगीला धान्याचा वाटा मिळायचा. गावातली पाळी तो लावायचा, पण वरच्या अंगाहून पाणीच आलं नाही तर तो काय लावणार?

आज जराफशानचं पाणी वरच जवळपास संपतं. बुखाऱ्याची शेतं भिजतात ती अमू दर्याच्या पाण्यावर. १९६५ पासून पंपांनी पाणी उचलून कालव्याने आणलं जातं. म्हणजे हजारो वर्षं उताराने वाहत आलेलं पाणी आता विजेवर चढतं. कापूस भरपूर झाला, पण जमिनीतून मीठ वर आलं. आत्ता हिवाळा सरताना शेतं पांढरी दिसतात. मला वाटलं बर्फ उरलाय. बोट लावून चाटलं तर खारट. पेरणीआधी शेतं पाण्याने भरून मीठ खाली धुवून काढतात, मग ते पाणी वाहून न्यायला वेगळ्या खोल चाऱ्या. मिनारांच्या विटांनाही खालून हा क्षार खातोय. तुमच्या त्या खालच्या चोपण तुकड्याची इथे कुणाला नवलाई वाटणार नाही.

ओपांच्या सासऱ्यांना मी फडाबद्दल मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं. पाणी सांभाळणारे हवालदार, पाटकरी, जागल्या, सगळं. ते बराच वेळ ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, रात्री चोरून पाटाची दारं फोडून पाणी घेणाऱ्याला तुमच्याकडे काय दंड? इथे पूर्वी त्याच्याकडून हशराचं जादा काम करून घेत, असं ते म्हणाले. मला आपल्याकडचं ठाऊक नव्हतं. तेवढं नीट आठवून दादाकडून लिहून पाठवा, मी त्यांना एप्रिलमध्ये पुन्हा भेटणार आहे. बीपीची गोळी सकाळचीच घ्या, दुपारी नको. आजीला नमस्कार.

तुमची नात,
सोनू