मॅजेस्टिकबद्दल लिहिताना

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

गिरगावातल्या मॅजेस्टिक सिनेमावर लिहायला घेतलंस, फार बरं वाटलं. जगन्नाथ शंकरशेट रस्त्यावर आता शॉपिंग सेंटर आहे, थिएटरचं नावच तेवढं उरलं. '१४ मार्च १९३१, आलम आरा, भारतातला पहिला बोलपट' एवढं सगळेच लिहितात. चार आण्यांचं तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेलं, हेही लिहितात. तू जरा आत शिर. आलम आराचे दिग्दर्शक अर्देशिर इराणी आणि त्यांचे भागीदार अब्दुलअली युसुफअली यांनी हे थिएटर १९१८ मध्ये बांधलं ते मूकपटांसाठी. अशा थिएटरात बोलपट लावायचा म्हणजे काय काय बदलावं लागायचं, ते वाचणाऱ्याला कळू दे.

आधी वेग. मूकपटाचा वेग प्रोजेक्टर चालवणाऱ्या ऑपरेटरच्या हातात असे. सेकंदाला १६ फ्रेम चालवा नाहीतर २०, कुणाची तक्रार नसे. फितीवर आवाज आला आणि ही मुभा गेली. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे मिनिटाला ९० फूट, आणि तेही एकसारखे. मोटर मंदावली की गाण्याचा सूर उतरतो, वाढली की बायकांचे आवाज चिरकतात.

इथेच एक हिशेब करून बघ. आलम आराची लांबी १०,५०० फूट आणि वेळ १२४ मिनिटं, असे आकडे जोडीने छापलेले दिसतील. १०,५०० ला ९० ने भाग, ११७ सुद्धा पुरती भरत नाहीत. वरची सात मिनिटं मध्यंतराची असतील, नाहीतर एक आकडा चुकीचा. दोन्ही एका ओळीत डोळे मिटून लिहू नकोस.

मग आवाज. फितीवर चित्राच्या कडेला आवाजाची एक बारीक पट्टी असते. तिच्यातून एक्सायटर नावाच्या छोट्या दिव्याची रेषेएवढी तिरीप जाते, पलीकडचा फोटोसेल, म्हणजे उजेडाची वीज करणारा भाग, ती झेलतो आणि तिथून आवाज वाढवणाऱ्या व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमार्गे आवाज पडद्यामागच्या कर्ण्यांत. फ्रेमचा आवाज तिच्या शेजारी नसतो, फितीवर २० फ्रेम, म्हणजे १५ इंच पुढे छापलेला असतो. म्हणून चित्राची खिडकी आणि आवाजाचं डोकं, म्हणजे ही तिरीप पडते ती जागा, यांमधला लूप, म्हणजे फितीचा सैल वळसा, अचूक हवा. तो दोन फ्रेम मोठा राहिला की ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. फीत सरकून तिरीप कडेच्या भोकांवर पडली तर घरघर ऐकू येते, कारण फ्रेमला चार भोकं, म्हणजे सेकंदाला ९६ भोकं तिरिपीसमोरून जातात. चित्रावर पडली तर दोन फ्रेमच्या मधल्या रेघा सेकंदाला २४ वेळा थडथडतात. कान तयार असलेला ऑपरेटर केबिनमधूनच ओळखतो, फीत कुठे सरकली ते.

पडदाही बदलावा लागे. कर्णे मागे, तेव्हा पडद्याला बारीक भोकं हवीत. त्यांत धूळ बसली किंवा कुणी वरून रंग मारला की 'स', 'श' बोथट होतात आणि संवाद तोंडात पदर धरून बोलल्यासारखे वाटतात. मूकपटांच्या थिएटरात आवाज घुमला तरी चालत असे, खाली पेटी-तबला वाजतच असायचा. बोलपटात तोच घुमारा शब्द गिळतो. आणि त्या पेटी-तबलावाल्यांचं काम गेलं, हेही लिही. त्यांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत.

आणखी एक गोष्ट मराठी वाचकाला ठसवून सांग. 'अयोध्येचा राजा', प्रभातचा मराठी बोलपट, ६ फेब्रुवारी १९३२ ला याच मॅजेस्टिकमध्ये लागला. पहिला हिंदी आणि पहिला मराठी बोलपट, दोन्ही एका वर्षाच्या आत एकाच पडद्यावर. याचा उल्लेख फार क्वचित होतो, मला ते खटकतं.

आलम आराची प्रत उरलेली नाही, त्यामुळे लांबी मोजायला फीत मिळणार नाही. त्या दिवसांच्या वर्तमानपत्रांच्या मायक्रोफिल्म बघ. जाहिरातीत खेळांच्या वेळा असतात. दोन खेळांमधल्या अंतरातून प्रेक्षक बाहेर काढून नवे बसवण्याची वेळ वजा कर, म्हणजे चित्रपट जास्तीत जास्त किती लांब असू शकतो ते हाती येईल. निघालेला आकडा मला कळव.

तुझे,
बाबा