विषाचे दाणे टाकण्याआधी आभाळ पाहावे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

यंदा मृगाच्या पहिल्या सरी येताच आमच्या शिवारात पेरण्या उरकल्या आणि लगेच पावसाने नऊ दिवस दडी मारली. त्या उघडिपीत एका वावरातील मक्याची आणि भुईमुगाची तासेच्या तासे कावळ्यांनी उकरून खाल्ली, म्हणून धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, कीटकनाशकात भिजवलेले मक्याचे दाणे टाकण्यात आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वाटेने जाताना मला बाभळीखाली अकरा कावळे, दोन साळुंक्या आणि एक होला पडलेला दिसला. एका कावळ्यात अजून धुगधुगी होती. त्याच्या पायांची बोटे आवळली गेली होती, चोचीतून लाळ गळत होती आणि वरच्या घरट्यात पिलांचा सारखा ओरडा चालू होता. नुकसान झालेल्या शेतकऱ्याचा संताप मी समजू शकतो, कारण दुबार पेरणीचा खर्च माझ्याही घराने सोसलेला आहे. परंतु कावळा कोणत्या दिवशी कुठे आणि काय खाईल हे फार मोठ्या प्रमाणात हवामान ठरवते, आणि ते ओळखता आले तर थोड्या दिवसांच्या राखणीवर भागणाऱ्या कामासाठी विषाला हात लावावा लागत नाही, हे सांगण्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा कावळ्याचा दिवस दोन तुकड्यांत विभागलेला असतो. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. चोच उघडी ठेवून धापा टाकणे आणि पंख अंगापासून दूर धरणे, हाच त्यांचा शरीर थंड ठेवण्याचा उपाय असतो. त्यामुळे सकाळी दहाच्या आत चरून कावळा जो निंबाच्या सावलीत शिरतो, तो ऊन उतरेपर्यंत बाहेर पडत नाही. आमच्या गोठ्याजवळच्या हौदावर एक कावळा भाकरीचा वाळलेला तुकडा घेऊन येतो, तो पाण्यात बुडवून काठावर ठेवतो, चोचीने दाबून पाहतो आणि पुरेसा मऊ झाला नसेल तर पुन्हा बुडवतो. अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने ठेवलेले पान भर दुपारपर्यंत तसेच राहिले की घरातली वडीलधारी माणसे मनाला लावून घेतात. ते पान सकाळी सातच्या सुमारास, शेजारी पाण्याचे भांडे ठेवून मांडावे, असे मी आमच्या घरी सुचवले आणि तेव्हापासून कावळ्याची वाट पाहत बसण्याची वेळ आमच्यावर आलेली नाही.

गावकावळ्याची घरटी उन्हाळ्याच्या अखेरीस बांधली जातात आणि त्यांची पिले बहुधा पहिल्या पावसाच्या आगेमागेच भुकेची तोंडे उघडतात. घरटे शेंड्यावर असले तर दुष्काळ आणि मध्यावर असले तर चांगला पाऊस, असा ठोकताळा आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. मी त्यावर पेरणी ठरवणार नाही, पण पाऊस आणि पिलांचे खाद्य यांचा संबंध मात्र पक्का आहे. पिलांना मऊ आणि रसदार खाद्य लागते व ते पहिल्या पावसाबरोबरच जमिनीतून वर येते. पाऊस पडून गेल्यावर संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे निंब, बाभूळ आणि बोरीच्या पाल्यावर चढतात, उधईला (वाळवीला) पंख फुटून तिचे थवे वारुळांतून बाहेर पडतात, आणि वखराच्या पासेने ओली माती उलटली की आत दडलेल्या अळ्या उघड्यावर येतात. अशा ओलसर, ढगाळ दिवसांत कावळा सकाळपासून संध्याकाळपर्यंत कामात असतो. वखरामागे गायबगळे, साळुंक्या, कोतवाल आणि कावळे यांची रांग लागते, तेव्हा पेरलेल्या दाण्याकडे क्वचितच एखाद्याचे लक्ष जाते. ज्या हुमणीच्या अळ्या पुढे पिकांची मुळे कुरतडतात, त्यांचीच शिकार हे पक्षी त्या दिवसांत फुकट करून देत असतात.

पाऊस थांबला की हे चित्र पालटते. वरची माती सुकून कडक होते, किडे आणि अळ्या ओलीच्या मागे खाली सरकतात, आणि घरट्यातली पिले तर अजून तितकीच भुकेली असतात. नेमक्या त्याच दिवसांत ओलीअभावी न उगवलेले बियाणे जमिनीत पडून राहते, आणि जे उगवते त्याचे कोवळे कोंब ओढले की तळाचा फुगलेला दाणा सहज वर येतो. २०२३ साली बिपरजॉय चक्रीवादळानंतर मोसमी पाऊस विदर्भात पोचायला २३ जूनच्या सुमाराची तारीख उजाडली होती, आणि ज्यांनी आधीच धूळपेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत पेरणी, केली होती त्यांच्या वावरात मी हेच पाहिले. कावळा तोच, वावरही तेच, फक्त आभाळ कोरडे होते. रोपाला चार पाने फुटून मुळे धरली की हा धोका संपतो. म्हणजे राखणीचा काळ आठ-दहा दिवसांचाच असतो, आणि त्यातही सकाळी दिवस उगवल्यापासून दहापर्यंत व संध्याकाळी चारनंतर माणूस वावरात असला तरी पुरते. पुरेशी ओल झाल्याशिवाय पेरणी न करणे आणि मका, भुईमुगाचे बी चार-पाच सेंटिमीटर खोल पडेल याची काळजी घेणे, हे तर आपल्याच हातात आहे.

झड लागली की तक्रार वेगळी असते. दोन-तीन दिवस सलग पाऊस पडला की पिसे भिजून जड होतात, कावळे लांब उडत नाहीत आणि गावालगत राहून कोंबडीची पिले व अंडी उचलतात. त्या दिवसांत पिले डालीखाली झाकून ठेवावीत, याहून अधिक काही करावे लागत नाही.

विष टाकणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात गावकावळा पूर्वी पाचव्या अनुसूचीत, म्हणजे उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होता. २०२२च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली आणि १ एप्रिल २०२३पासून हा बदल लागू आहे. ‘कावळा मारला तर कोण विचारतो’ हे म्हणणे आता कायद्यालाही धरून नाही. शिवाय मेलेला कावळा काठीला टांगून वावरात उभा करण्याची पद्धत आपल्याकडे आहे, ती तर तातडीने सोडावी. जानेवारी २०२५मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू आढळला होता, आणि थंड, दमट हवेत हा विषाणू अधिक काळ टिकतो. उन्हाने, गारपिटीने, रोगाने की विषाने, कावळा कशाने मेला हे नुसते पाहून कळत नाही. म्हणून एका जागी तीन-चार कावळे मेलेले दिसले तर त्यांना हात न लावता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवणे हेच योग्य आहे.

आपल्या जिल्ह्यांसाठी दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो आणि आपले वृत्तपत्र त्यातील मुख्य भाग छापते. त्यात कीड, खत आणि फवारणीविषयी पुष्कळ असते, परंतु पक्ष्यांविषयी एखादी ओळ मी क्वचितच वाचली आहे. जूनमध्ये पावसाचा खंड पडणार असे दिसताच ‘मका व भुईमुगाची सकाळ-संध्याकाळ राखण करावी, विषारी आमिष टाकू नये’ हे एक वाक्य त्या सल्ल्यात यावे, अशी माझी संबंधितांना विनंती आहे, आणि ते येईपर्यंत आपण ते आपल्या शेतीच्या पानावर चौकटीत छापावे. बाभळीवरच्या त्या घरट्यातला ओरडा तिसऱ्या दिवशी बंद झाला. त्यानंतर दोनच दिवसांनी पाऊस आला.

आपला विश्वासू,
एक शेतकरी वाचक,
कळंब तालुका, जि. यवतमाळ