सही एकाची, नळ दुसऱ्याचा

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सा. न. वि. वि.

पुण्याच्या हद्दीत नव्याने आलेल्या एका गावातल्या सोसायटीचा मी खजिनदार. हिशेबाची वही माझ्याकडे असते, म्हणून पत्रही मीच लिहितोय. आमच्या वहीत लिफ्ट आणि वॉचमन मिळून जेवढा खर्च होतो, त्याहून जास्त टँकरवर जातो. गेटवर त्याचं वेगळं रजिस्टर आहे: गाडीचा नंबर, आल्याची वेळ, ड्रायव्हरची सही. शेवटच्या रकान्यात वॉचमन ‘भरून’ किंवा ‘अर्धा’ असं लिहितो, कारण तो शिडीवर चढून टँकरमध्ये डोकावल्याशिवाय पाइप लावू देत नाही. ‘अर्धा’ लिहिलं की भांडण ठरलेलं. मे महिन्यात ही भांडणं रात्री दीड वाजताही होतात.

शासनाने 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये आणखी 23 गावं महापालिकेत घेतली. क्षेत्रफळात पुण्याने मुंबईला मागे टाकलं, त्याच्या बातम्या झाल्या. पण या 23 गावांत बांधकाम परवानगीचं काम पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, दिलं गेलं आणि पाणी पुरवायचं महापालिकेने. नकाशावर सही करणाऱ्याला नळ कोरडा राहिला तरी कोणी जाब विचारत नाही, आणि नळवाला म्हणतो, आम्हाला विचारून इमारती बांधल्या का? दोघांचंही बरोबर, फक्त बादली आमची रिकामी. तक्रार घेऊन जावं तर मार्च 2022 नंतर जवळपास चार वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते.

आमच्या करारनाम्यात एक कलम होतं: स्थानिक संस्थेचं पाणी उपलब्ध होईपर्यंत रहिवासी स्वखर्चाने व्यवस्था करतील. नव्या घराच्या आनंदात आम्ही सह्या ठोकल्या. चूक आमचीही, मान्य. पण ते ‘होईपर्यंत’ किती वर्षांचं असतं, हे बिल्डरला विचारायचं काम शासनाचं होतं.

जानेवारी 2025 आठवतो ना? नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे हातापायांतली ताकद घालवणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण निघाले, पुणे परिसरात आकडा दोनशेच्या वर गेला आणि बोट दूषित पाण्याकडे गेलं. ही गावं खडकवासला धरणाच्या पायथ्याशी आहेत, साहेब. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण आम्ही शाळेत वाक्यात उपयोग करायला शिकलो होतो. त्या दिवसांत आमच्याकडे प्रत्येक टँकर आला की क्लोरीन तपासायला एक निवृत्त केमिस्ट्रीचे सर खाली उतरत. वय 74. शहराच्या जलशुद्धीकरणाची आमच्यापुरती शेवटची पायरी तीच.

मागणी एकच आहे. जो परवानगीवर सही करील, त्यानेच लिहून द्यावं की पाणी कोणत्या टाकीतून, किती इंची लाइनने आणि कोणत्या महिन्यात येणार. ते येईपर्यंत नुसत्या हमीपत्रावर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला जायची परवानगी, देऊ नये. घरं महागतील, असं आपल्याला सांगितलं जाईल. ती महागलेलीच आहेत. फक्त ती रक्कम जाहिरातीत नसते, आमच्या मेंटेनन्समध्ये असते.

मे महिन्याच्या रजिस्टरची झेरॉक्स सोबत जोडली आहे. वॉचमनचं अक्षर किरटं आहे, पण ‘अर्धा’ स्पष्ट वाचता येतं.

आपला,
एका सोसायटीचा खजिनदार, पुणे