कार्डाच्या व्याजाला मर्यादा का नाही?

प्रति,
मा. संपादक

स. न. वि. वि.

अवैध सावकारांच्या घरांवर सहकार खात्याने धाडी टाकल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. कोरे चेक, सह्या केलेले बाँड, परस्पर करून घेतलेली खरेदीखतं सापडतात. ही कारवाई व्हायलाच हवी. आमच्या मराठवाड्यात सावकारीने किती घरं बसवली, हे कोणाला वेगळं सांगायला नको. पण परवानाधारक सावकाराच्या दराहून कितीतरी चढ्या दराची एक वसुली आज राजरोस चालू आहे आणि तिच्यावर धाड टाकायला कोणताच कायदा नाही. मी क्रेडिट कार्डाच्या व्याजाबद्दल बोलतो आहे.

मी लातूरला लोकांचे हिशेब लिहितो, आयकराची विवरणपत्रं भरतो. पूर्वी माझ्याकडे येणाऱ्या कागदांत बँकेचं पासबुक, एलआयसीच्या पावत्या आणि फार तर घराच्या कर्जाचा दाखला असायचा. आता पंचवीस-तिशीतल्या पोरांच्या बँक खात्याच्या उताऱ्यात पगार जमा होतो आणि दोन-तीन दिवसांत कार्डांच्या नावाने निघून जातो. कोणी खाजगी क्लासमध्ये शिकवतो, कोणी औषध कंपनीचा प्रतिनिधी आहे, कोणी संभाजीनगरला वाळूजच्या कारखान्यात कंत्राटी कामावर आहे. यांना उधळे म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण मी त्यांचे खर्च ओळीने पाहिलेले आहेत. धाकट्या भावाच्या नीटच्या क्लासची फी, आईच्या तपासण्या, रब्बीचं बियाणं आणि खत. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने सोयाबीन पाण्यात गेलं, तेव्हा गावाकडून येणारा आधार थांबला आणि उलट शहरातल्या पोराने गावाकडे पैसे धाडायची वेळ आली. ते पैसे अनेकांनी कार्डातून उभे केले.

आता दराचं बघू. ‘महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४’ नुसार परवानाधारक सावकाराचे दर सरकारने बांधून दिले आहेत. शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्के, इतरांना तारणावर १५ आणि विनातारण १८. शिवाय व्याजाची एकूण वसुली मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये, ही दामदुपटीची जुनी मर्यादाही त्या कायद्यात आहे. याच्या शेजारी कार्डाचा दर ठेवा. बहुतेक कार्डांवर थकीत रकमेला महिन्याला साडेतीन ते पावणेचार टक्के लागतात, म्हणजे वर्षाला ४२ ते ४५ टक्के. गावात व्याज शेकड्याने बोलतात, त्या भाषेत हे शेकडा साडेतीन झालं. या दराने विनापरवाना पैसे देणारा माणूस आमच्याकडे गुन्हेगार ठरतो.

एवढ्यावर थांबत नाही. घराच्या, सोन्याच्या किंवा वैयक्तिक कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो, पण कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे साडेतीनचे चार टक्क्यांवर जातात आणि वर्षाचा हिशेब पन्नाशीला टेकतो. सुशिक्षित माणसालाही हे ठाऊक नसतं, असा माझा रोजचा अनुभव आहे.

सगळ्यात घातक आहे ती ‘किमान देय रक्कम’, म्हणजे बिलापैकी त्या महिन्यात निदान भरायलाच हवी ती रक्कम. रेणापूर तालुक्यातला, इथे क्लासवर शिकवणारा एक मुलगा परवा त्याचं बिल घेऊन आला. एकूण देणं साठ हजार, किमान देय तीन हजार. तो म्हणाला, “काका, या कार्डाचा मी एकही महिना चुकवला नाही, तरी आकडा हलत का नाही?” मी कागद घेऊन त्याच्यासमोर मांडणी केली. साठ हजारांवर साडेतीन टक्क्यांनी महिन्याचं व्याज २,१००, त्यावर जीएसटी ३७८, मिळून २,४७८. त्याने भरलेल्या तीन हजारांतून मुद्दलाला लागले ते जेमतेम ५२२ रुपये. नवी एकही खरेदी केली नाही आणि दर महिन्याला बिलाच्या पाच टक्के भरत राहिला, तर वर्षभरात सुमारे ३४ हजार भरूनही ५२ हजारांच्या वर देणं उरतं. पोरगा बीएस्सी झालेला आहे, गणित शिकवतो. आकडे पाहून त्याने पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ काही बोलला नाही.

केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे लांबते आणि चक्रवाढ व्याज लागतं, असा इशारा बिलावर छापणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलेलं आहे. त्याच्या बिलावर तो होता. इंग्रजीत, बारीक अक्षरांत, शेवटच्या पानाच्या तळाला. तीन हजारांचा आकडा मात्र पहिल्याच पानावर ठळक चौकटीत होता. एक बिल पूर्ण भरलं नाही की बिनव्याजी दिवसांची सवलत जाते आणि पुढच्या महिन्यातला किराणासुद्धा घेतल्या दिवसापासून व्याजाने येतो, हेही त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. कार्ड देणारा माणूस दुकानाच्या दारात टेबल टाकून बसला होता आणि कार्डासोबत प्रवासाची बॅग मोफत देत होता.

पुढची पायरी म्हणजे कार्ड फिरवणं. एका कार्डाचं बिल भरायला दुसरं कार्ड एखाद्या ओळखीच्या दुकानात घासायचं, दुकानदाराने दोन-तीन टक्के कापून रोख द्यायची, ती पहिल्यात भरायची. याची टोपी त्याच्या डोक्यावर. सामान काहीच घेतलेलं नसतं, नुसतं खोटं बिल फाडलेलं असतं. हा प्रकार लातुरात चालतो, नांदेडला चालतो, परभणीत चालतो, आणि संबंधितांना तो माहीत नाही असं मी मानत नाही. या मुलाकडे अशी चार कार्डं झाली होती.

हप्ता थकला की फोन सुरू होतात. या मुलाच्या दुसऱ्या कार्डांचे फोन गावी वडिलांना गेले. पोराला आत टाकू, घरी माणसं पाठवू, गावात बोभाटा करू, असं त्यांना सांगण्यात आलं. ते तीन एकरांचे शेतकरी. आडत्याकडून पुढच्या मालावर उचल घ्यायला निघाले होते, पण मुलाने ऐनवेळी त्यांना माझ्याकडे आणलं. त्यांना जे सांगितलं ते इथे मुद्दाम लिहितो, कारण अशी घरं गावोगावी असणार. मुलाच्या कार्डाचं देणं वडिलांच्या सातबाऱ्यावर चढत नाही. वडील जामीनदार नसतील तर ती वसुली त्यांच्याकडून करता येत नाही. निव्वळ कार्डाचं बिल थकलं म्हणून पोलीस कोणाला उचलत नाहीत, ती दिवाणी बाब आहे. मात्र दिलेला चेक वटला नाही किंवा खात्यातून हप्ता वळता करण्याचा आदेश पैशाअभावी परत गेला, तर त्यावर स्वतंत्र खटला होऊ शकतो. तेवढी काळजी घ्यावीच लागते. वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाही, नातेवाइकांना धमकावता येत नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट बजावलेलं आहे. आधी बँकेकडे लेखी तक्रार करायची. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला फी नाही. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. हे ऐकताना त्या वडिलांनी दोन वेळा विचारलं, “म्हणजे रान जाणार नाही ना?”

कार्ड बंद करायला मागितलं आणि काही बाकी नसेल, तर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करून द्यावं लागतं, नाहीतर पुढे दररोज पाचशे रुपये दंड बँकेने ग्राहकाला द्यायचा असतो. न मागता कार्ड देता येत नाही, संमतीशिवाय मर्यादा वाढवता येत नाही. हे सगळं रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत आहे. कार्डाच्या अटी सोप्या भाषेत, शक्यतो इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत असाव्यात, असंही त्यांत म्हटलेलं आहे. त्या ‘शक्यतो’मुळे आमच्या माणसाच्या हातात मराठी कागद आजवर आलेला मी पाहिलेला नाही.

राहिला व्याजदर. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटलं होतं की, कार्डावर ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्या निर्णयाला स्थगिती मिळाली आणि २० डिसेंबर २०२४ रोजी तो रद्दच झाला. व्याजदर ठरवणं हा आयोगाच्या नव्हे तर रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतला विषय आहे, अशी न्यायालयाची भूमिका राहिली. न्यायालयाचा मान राखूनच विचारतो, मग रिझर्व्ह बँकेने तो का ठरवू नये? आज ती ‘व्याज अवाजवी नसावं’ एवढंच म्हणते आणि वाजवी किती ते ज्या त्या बँकेवर सोडते. बँकांना सावकारी कायदा लागू नाही. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम २१अ मुळे दर जास्त आहे एवढ्या कारणावरून न्यायालयालाही तो व्यवहार पुन्हा उघडता येत नाही. म्हणजे दराबद्दल ग्राहकाला दाद मागायला दारच ठेवलेलं नाही.

विनातारण कर्जात धोका जास्त, म्हणून दर जास्त, हा बँकांचा युक्तिवाद मी नाकारत नाही. तारण नसलेलं वैयक्तिक कर्ज मात्र पगारदाराला बारा-पंधरा टक्क्यांत तीच बँक देते. माणूस तोच, पगार तोच, तारण दोन्हीकडे नाही. मग एका कागदावर पंधरा आणि दुसऱ्यावर बेचाळीस, यातला फरक नुसत्या धोक्याचा कसा असेल?

त्या मुलाचं आम्ही काय केलं तेही सांगतो. त्याच्या आईने स्वतःहून दागिने काढून दिले. त्यावर राष्ट्रीयीकृत बँकेत सोनेतारण कर्ज घेतलं, त्यातून सर्वांत महाग दोन कार्डं पूर्ण फेडली आणि बंद केली. तिसऱ्याची बाकी मासिक हप्त्यांत बदलून घेतली. वसुलीवाला ‘सेटलमेंट’चा, म्हणजे कमी रकमेत देणं मिटवण्याचा, आग्रह धरत होता, तो टाळला, कारण तशी नोंद सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींत, वर्षानुवर्षे राहते आणि पुढे घराचं कर्ज अडतं. चौथ्याचं अजून फेडायचं आहे. आईचे दागिने कधी सुटतील, ते त्याच्या पगारावर आणि पुढच्या पावसावर आहे.

हा मुलगा वाचला कारण घरात थोडं सोनं होतं आणि तो वेळेत बोलला. ज्यांच्याकडे सोनं नाही ते कर्ज देणाऱ्या मोबाइल ॲपकडे वळतात. तिथे दर काय आणि मागे बसलेली कंपनी कोणती, हे शोधायलाच चार दिवस जातात.

आपल्या दैनिकाने हा विषय लावून धरावा, अशी कळकळीची विनंती आहे. आयपीओ आणि म्युच्युअल फंडांवर पानं निघतात, तशी कार्डाचं बिल कसं वाचायचं यावर एक चौकट दर आठवड्याला द्यावी. दर जिल्ह्यात अग्रणी बँकेच्या बैठका जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली होतात. मराठीतून बिल आणि पहिल्याच पानावर ठळक वार्षिक व्याजदर, ही मागणी त्या बैठकांत मांडली जावी. आणि मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतल्या खासदारांनी संसदेत एकच प्रश्न विचारावा: सावकाराला १८ टक्क्यांची आणि दामदुपटीची मर्यादा आहे, तर कार्डाला कोणती? उत्तर येईल ते आपण पहिल्या पानावर छापावं.

आपला,
एक नियमित वाचक
औसा रोड, लातूर