गॅस काही संपत नसतो, मन्या

नागपूर,
१९ मे २०२६

प्रिय मन्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "एसीत गॅस भर अन् मोकळा हो, एवढा काय विचार करतोस बे?" आई मागे खोकत होती, बोलणं अर्धवट राहिलं. आता दुपारचे दोन वाजलेत, गल्लीत कुत्रंही नाही, कूलर घरघरतोय. सविस्तर लिहितो.

तो २०११ चा दीड टनी स्प्लिट एसी तुला आठवत असेलच. २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला, तेव्हा तुम्ही सगळे त्याच्याखाली गाद्या टाकून झोपला होतात. गेली तीन वर्षं मात्र दर उन्हाळ्यात एकच खेळ. मेकॅनिक येतो, गेज लावतो, "साहेब, गॅस संपला" म्हणतो, पैसे घेऊन जातो. अन् मी बावळटासारखा देतो. अरे, तो काय शेगडीचा सिलिंडर आहे संपायला? बंद नळीत तोच गॅस फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय.

यंदा दुसऱ्या पोराला बोलावलं. त्यानं नायट्रोजनचं प्रेशर दिलं आणि ब्रशनं साबणाचा फेस लावत गेला. जॉइंट ठणठणीत. मग आतल्या युनिटचं कव्हर काढलं, तर कॉइलच्या वाकणाशी मोहरीएवढे बुडबुडे, एक फुटला की दुसरा. तांब्यावर काळं पुट. म्हणाला, "काका, मागे नाला आहे ना, त्याचा वायू तांबं खातो." कॉइल आणि गॅस मिळून १४ हजार सांगितले. गॅसही जुन्या आर-२२ जातीचा. ओझोन वाचवायच्या मॉन्ट्रियल करारामुळे २०३० पर्यंत आपल्याकडे तो जवळपास बंदच व्हायचा आहे.

दुकानदार म्हणे, नवा घ्या, बिल निम्मं होईल. त्याच्यावर कसा विश्वास ठेवू? मागच्या वर्षी गॅस भरल्यावर मी घरातलं सगळं बंद करून तासभर मीटरसमोर बसलो होतो: १.८ युनिट. नवा पंचतारांकित आपल्या उन्हात १.२ घेईल असं धरलं, रोज आठ तास, अडीच महिने, युनिटला दहा रुपये. वर्षाला वाचले ३,६०० रुपये! नवा ४२ हजारांचा, तोही जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्यावर. बारा वर्षं लागतील वसूल व्हायला. वीजबचतीच्या लेबलवरचे तारे २४ ते ४३ अंशांच्या हवेवर काढतात, आपल्या मेला त्यात जागाच नाही.

म्हणजे बिलापायी नवा घ्यायचा नाही, हे ठरलं. तरी घेतला! कारण आई. मे महिना कूलर निभावतो, हवा कोरडी असते. पण मृगाचा पाऊस पडला की कूलर नुसती ओल फेकतो आणि आईचा दमा उठतो. नेमका तेव्हाच जुना एसी मान टाकायचा. पंधरा वर्षांच्या कॉम्प्रेसरला नवी कॉइल जोडून जून-जुलैभर धाकधूक कोण करणार? नाला काही नवा एसी पाहून हटणार नाही, म्हणून लेप दिलेली कॉइल शोधली आणि कॉइलची वॉरंटी किती वर्षांची ते बिलावर लिहून घेतलं. पाइपही नवे टाकले. जुन्यांत जुनं तेल असतं, ते नव्या गॅसशी जमत नाही. दुकानदार एक्स्चेंजचे दोन हजार देत होता, इतवारीतल्या कबाड्यानं तांबं बघून त्याहून जास्त दिले.

तुझ्याकडे गळत असेल तर आधी फेस लावून बघ. नुसता जॉइंट निघाला, किंवा कपॅसिटर (मोटर सुरू करणारा छोटा भाग) गेला असला, तर नव्याच्या भानगडीत पडू नकोस.

काल बसवला. रात्री २६ वर लावला, आई शाल घेऊन झोपली. सकाळी चहा घेताना म्हणते, "जुना जास्त गार करायचा रे."

तुझा,
बाळ्या