जीनोम म्हणजे बियाणं नव्हे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीतला 'लेडनिया ट्युमाना' या स्टोनफ्लायवरचा लेख वाचला. हिमनदीच्या पाण्यात वाढणाऱ्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या अमेरिकन किड्याला मराठी दैनिकात अर्धं पान मिळालं, याचा आनंद आधी नोंदवतो. तक्रार शेवटच्या परिच्छेदाबद्दल आहे. या किड्याचा जीनोम, म्हणजे पेशीतल्या संपूर्ण डीएनएची अक्षरमाला, वाचून झाला आहे, त्यामुळे तो उद्या नामशेष झाला तरी परत आणता येईल, असं लेखक लिहून जातात. प्राणिशास्त्र शिकवण्यात तीस वर्षं घालवल्यावर हे वाक्य गिळवत नाही.

कोविडमुळे 'जीनोम सिक्वेन्सिंग' हा शब्द घरोघरी पोचला. त्या विषाणूचा जीनोम सुमारे 30 हजार अक्षरांचा होता. माणसाचा 300 कोटींच्या वर आहे, आणि वाळवंटी टोळाचा त्याच्या जवळजवळ तिप्पट, तेव्हा अक्षरं जास्त म्हणून अक्कल जास्त असं काही नाही. ही अक्षरं ओळीनं वाचून संगणकात ठेवणं म्हणजे क्रमनिर्धारण. पण बियाणं पेरलं की उगवतं, तशी ही फाईल कुठे पेरता येत नाही. तिच्यातून किडा घडवायचा तर जिवंत अंडं हवं, ते घालणारी मादी हवी आणि पिल्लाला वाढायला ते गार, वाहतं पाणी हवं. पाणीच उरलं नाही तर फाईलचं करायचं काय?

आणि अडचण नेमकी पाण्याचीच आहे. ही स्टोनफ्लाय प्रामुख्यानं मोंटाना राज्यातल्या ग्लेशियर नॅशनल पार्क परिसरात, हिमनद्या आणि साठलेल्या बर्फाखालून निघणाऱ्या ओढ्यांच्या अगदी वरच्या टोकाला राहते. 1966 मध्ये त्या उद्यानात आकाराच्या निकषात बसणाऱ्या 35 हिमनद्या होत्या, 2015 मध्ये 26 उरल्या. किड्याला संरक्षण द्या, असा अर्ज अमेरिकन सरकारकडे 2007 मध्ये झाला आणि 'संकटग्रस्त' हा शिक्का मिळाला 2019 मध्ये. बारा वर्षं! आपल्याकडच्या फायली उगाच बदनाम आहेत.

मग जीनोम वाचायचाच कशाला, असा अर्थ कृपया काढू नये. लेखात जे यायला हवं होतं ते हेच. प्रत्येक शिखराखालचा ओढा म्हणजे या किड्यासाठी एक बेट. प्रौढ किडा फार लांब उडत नाही, त्यामुळे या बेटांवरची कुळं एकमेकांपासून तुटत जातात. तिथल्याच काही ओढ्यांमधून दहा-बारा वर्षांच्या अंतरानं घेतलेल्या नमुन्यांची तुलना 2016 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा मधल्या काळात जनुकीय वैविध्य घटल्याचं दिसलं. हे निव्वळ किडे मोजून कळत नाही. संख्या ठीक दिसत असते आणि आतून वंश पोकळ होत असतो. संपूर्ण जीनोम हाताशी असला की कुठलं कूळ किती एकाकी पडलंय, उष्णतेचा ताण सोसणारी जनुकं कोणती, हे नीट तपासता येतं. शिवाय ओढ्याचं लिटरभर पाणी गाळून त्यातल्या डीएनएवरून तिथे कोण राहतं हे सांगायचं तर जुळवून पाहायला आधी खात्रीचा नमुना वाचलेला असावा लागतो.

या बाबतीत पाणकिडे फार मागे राहिले, याला कारणही आपणच. पाण्यात वाढणाऱ्या कीटकांपैकी जीनोम वाचून घेण्याचा मान फार लवकर, 2002 मध्येच मिळाला तो मलेरिया पसरवणाऱ्या आफ्रिकी ॲनॉफिलिस डासाला. 2007 मध्ये डेंगी पसरवणाऱ्या एडीस डासाचा नंबर लागला. जो चावतो त्याची दखल आधी!

आता आपल्या अंगणात येतो. सिंधुदुर्गात देवगडजवळच्या विमलेश्वरहून 2019 मध्ये टाचणीची (चतुराच्या सडपातळ भाऊबंदाची) एक नवी जात विज्ञानाला कळली, 2022 मध्ये चौकुळहून चतुराची एक. दोन्ही शोधांत स्थानिक निरीक्षकांचा हात आहे. म्हणजे ज्यांना अजून नावंही मिळालेली नाहीत असे जीव आपल्या ओहोळांत आहेत. ते भरपूर असतानाच नमुने घेतले पाहिजेत आणि तेही योग्य रीतीनं. आमच्या कॉलेजच्या कपाटात पिनेला टोचलेले आणि फॉर्मालिनच्या बाटल्यांत बुडवलेले शेकडो किडे होते. त्यांच्यातला डीएनए तुकडे तुकडे झालेला असतो. लांब साखळ्या वाचायच्या तर ताजा किडा तिथल्या तिथे द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून उणे 80 अंशांवर ठेवावा लागतो. हे खर्चिक आहे, पण विद्यापीठांना न झेपणारं नाही.

साताऱ्याजवळच्या एका ओढ्यावर मी दर हिवाळ्यात मुलांना न्यायचो. दगड उलटला की खाली स्टोनफ्लायचं पिल्लू चिकटलेलं असायचं. 'सर, झुरळ!' असं कुणीतरी दर वर्षी ओरडायचंच. त्या ओढ्याचं पुढे खोलीकरण झालं. जेसीबीनं दगड काढले, काठ उभे कापले. आता तिथे उलटायला दगडच नाही आणि तिथले किडे कुठल्या जातीचे होते, हे मीही कधी नीट लिहून ठेवलं नाही. ती चूक माझी.

आपला,
एक निवृत्त प्राणिशास्त्र प्राध्यापक, सातारा

ता. क. : लेखासोबतचं छायाचित्र स्टोनफ्लायचं नाही, मेफ्लाय या दुसऱ्याच पाणकिड्याचं आहे. स्टोनफ्लायच्या पिल्लाला शेपटीचे दोन धागे असतात, मेफ्लायच्या पिल्लाला बहुधा तीन. आपल्या छायाचित्रात तीन स्पष्ट मोजता येतात. दुरुस्ती छापावी, ही विनंती.